साहेबाचं तबक आणि तीन चांदण्या

प्रश्न : काका, आमच्या घरात ‘साहेबाचं तबक’ म्हणून एक मोठं लांबट तबक आहे. माझे आजोबा बेळगावच्या कॅम्पात एका बंगल्यावर खानसामा होते. 1947 साली साहेब विलायतेला गेला, जाताना हे देऊन गेला, असं आजी सांगायची. तबकाच्या मधोमध ढाल कोरलेली आहे. ढालीत मधून उभी रेघ. डाव्या भागात तीन चांदण्या, उजव्या भागात मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह. ढालीच्या वर पिळलेल्या दोरासारखं काहीतरी, त्यावर मनगटापासून तुटका हात आणि हातात कट्यार. सगळ्यांत वर एक पट्टी, तिच्यावर इंग्रजी अक्षरं, पण फार पुसट. पाठीमागे चार बारीक चौकटी, त्यांत ठसे. माझा पुतण्या म्हणतो की हे आपलंच राजचिन्ह, आपण मूळचे सरदार घराण्यातले. वैशाखात त्याचं लग्न आहे. त्याला हे पत्रिकेवर छापायचंय आणि नव्या घराच्या गेटवरही बसवायचंय. आमच्याकडे पूर्वी गावची पाटीलकी होती एवढं मात्र खरं. पेटीत मोडी कागदांचं एक बोचकं आहे, पण अर्धं वाळवीनं खाल्लंय, कामाचं काही दिसत नाही. एका कागदाखाली तर पोरानं नांगर काढलाय. चिन्ह कुणाचं? आणि तबक चांदीचं आहे का? दोन फोटो पाठवत आहे.
— मार्कंडेय नदीकाठच्या गावातील एक वाचक

उत्तर : आधी तबक पालथं घालू. माझ्या वडिलांचं कॅम्पात मुलाम्याचं दुकान होतं. कुठलंही भांडं आलं की ते आधी उलटं करायचे आणि म्हणायचे, ‘तोंड काय, कुणाचंबी गोड असतंय. पाठ बघ.’

तुमच्या दुसऱ्या फोटोत त्या चार चौकटी नीट आल्यात. त्यांत ई, पी, एन, एस ही अक्षरं आहेत, जुन्या वळणाची, म्हणून तुम्हाला ती चित्रं वाटली. याचा अर्थ निकेल सिल्व्हरवर विजेनं चढवलेला चांदीचा मुलामा. निकेल सिल्व्हर म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल, आपल्या भाषेत जर्मन सिल्व्हर. त्यात चांदी औषधालाही नसते, चांदी असते ती वरच्या पातळ थरात. चार अक्षरं चार चौकटीत ठोकायची ती याच हेतूनं, की लांबून बघणाऱ्याला खऱ्या चांदीचे ठसे वाटावेत. इंग्लंडातल्या खऱ्या चांदीवर चालणारा सिंह असतो. तो हजारात 925 भाग शुद्धतेचा. त्याच्या शेजारी गावाचा ठसा. बर्मिंगहॅमचा नांगर, म्हणजे जहाजाचा, शेतातला नव्हे. हा ठशातला सिंह बघून ‘आमच्या चमच्यावर सिंह आहे, आम्ही सिंहवाले’ म्हणत आलेली माणसं मी पाहिली आहेत. तो सिंह सरकारी असतो, घराण्याचा नसतो.

बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनांनी विजेच्या मुलाम्याचं पेटंट घेतलं 1840 साली. तेव्हा तुमचं तबक त्याच्या नंतरचं. मोडीत घालायला न्याल तर सराफ हातातही घेणार नाही, न्यायचंही नाही.

आता पुढची बाजू. इथं मला माझी एक लाज सांगावी लागेल.

मी पंधरा-सोळा वर्षांचा असेन. कॅम्पात एक म्हातारी मॅडम राहायची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तिनं असंच एक तबक मुलाम्याला दिलं. वडील आजारी होते, म्हणून काम मी घेतलं. बफावर, म्हणजे घासून चकाकी आणणाऱ्या फिरत्या चाकावर, धरलं, जुना मुलामा काढला, आणि त्या नादात ढालीच्या आतल्या बारीक रेघा जवळपास सपाट करून टाकल्या. मला वाटलं, नक्षी गेली, हरकत नाही, परत काढू. रेघा आडव्या होत्या. पण ढालीत आडवी कोरणी चालवायला हात अवघडतो, उभी सरळ उतरते. म्हणून मी सगळ्या उभ्या काढल्या. एकदम सुबक! शाबासकी मिळेल म्हणून स्वतः पोचवायला गेलो. तिनं चष्मा लावला, तबक खिडकीशी नेलं, आणि मग हसायला लागली, ती थांबेचना. मोडक्या हिंदीत म्हणाली, ‘बाबा, तुमने मेरे हजबंड का खानदान बदल दिया.’

मग तिनं टेबलावर काडेपेटी ओतली आणि काड्या मांडून दाखवलं. आडव्या काड्या म्हणजे निळा. उभ्या काड्या म्हणजे लाल. आडव्या-उभ्या एकमेकींवर म्हणजे काळा. आपल्या डाव्या हाताकडे वरून निघून उजवीकडे खाली उतरणाऱ्या तिरप्या म्हणजे हिरवा. काड्यांची गुलं मोडून ठिपके टाकले ते सोनेरी, आणि काहीच न मांडलेली मोकळी जागा रुपेरी. कोरीव कामात रंग भरता येत नाहीत, म्हणून रंगाच्या जागी रेघा. 1638 साली पेत्रा सांक्ता नावाच्या एका इटालियन जेसुइट पाद्र्यानं ही पद्धत आपल्या ग्रंथात मांडली आणि मग ती सगळ्या युरोपात रूढ झाली. मला ती कॅम्पात, काडेपेटीवर समजली. तबक परत आणलं, रेघा घासून पुन्हा आडव्या केल्या. पैसे अर्थातच घेतले नाहीत. वडिलांनी ते नंतर माझ्याकडून वळते करून घेतले.

तुमच्या तबकाचं सगळं कोडं या रेघांत अडकलंय. तीन चांदण्या हे स्कॉटलंडात फार जुनं चिन्ह. पण निळ्या ढालीवर रुपेरी चांदण्या असतील तर ते मरे घराणं. लाल ढालीवर सोनेरी असतील तर सदरलँड. रुपेरी ढालीवर निळ्या असतील तर इनिस. चांदण्या त्याच, मांडणीही तीच, वर दोन आणि खाली एक. फरक फक्त रंगाचा, म्हणजे तबकावर फक्त रेघांचा. शिवाय या घराण्यांच्या धाकट्या शाखा त्याच ढालीला कधी काठ लावतात, कधी मध्ये एखादं लहान चिन्ह घालतात. तेव्हा चांदण्यांच्या आजूबाजूला, ढालीच्या कडेला काही आहे का, तेही बघायला हवं.

आणि नेमक्या याच रेघा तुमच्या फोटोत दिसत नाहीत. एक तर फ्लॅश मारलाय, त्यामुळे मध्ये नुसता चंद्र उगवलाय. दुसरं म्हणजे सत्तरेक वर्षं दर दिवाळीला चिंच आणि चुलीतली राख. चिंचेनं काळेपणा निघतो, राखेनं चांदी निघते. घासणाऱ्याचा अंगठा मधोमध जास्त फिरतो, म्हणून मधला भाग आधी जातो. कडेला, जिथं ढाल वळते तिथं, रेघा बहुतेक शिल्लक असतील.

त्या अशा काढा. तबक साध्या साबणाच्या पाण्यानं धुऊन मऊ फडक्यानं टिपा. निरांजनावर धरलेली काजळी बोटाला घेऊन ढालीवर चोळा, मग कोरड्या फडक्यानं अलगद पुसा. काजळी खाचांत राहील, वरची निघून जाईल. रात्री खोलीतला दिवा बंद करून टॉर्च तबकाला जवळजवळ आडवा टेकवा आणि भिंगातून बघा. दिसलं की त्यावर पातळ पतंगाचा कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी धरून हलकी फिरवा. रेघा पांढऱ्या उमटतील. तो कागद मला पाठवा, फोटो नको.

आता ढालीतली उभी रेघ. हा जोडसंसार आहे. अशी दुभंगलेली ढाल म्हणजे नवरा-बायकोची. ढालीचं डावं-उजवं ती हातात धरणाऱ्याच्या बाजूनं मोजतात, आपल्या बाजूनं नाही. म्हणून आपल्याला जी डावी दिसते ती धरणाऱ्याची उजवी, मानाची, नवऱ्याची. चांदण्या सासरच्या, सिंह माहेरचा. उभा सिंह इतक्या घराण्यांत आहे की एकट्या सिंहावरून शोधायला जाणं म्हणजे बेळगावात नुसतं ‘पाटलांचं घर कुठं?’ विचारणं. पण अमुक रंगाच्या चांदण्यावाल्याशी तमुक रंगाच्या सिंहवालीचं लग्न, असं जोडून विचारलं की गर्दी एकदम ओसरते. हे जोडपं म्हणजे तुमच्या आजोबांचा साहेब आणि त्याची मॅडमच असेल असंही नाही. तबक त्याच्या आजोबांच्या लग्नातलंही असू शकतं. त्यानंही ते वारशानंच आणलेलं असणार.

हात आणि कट्यार यावर फार विसंबू नका. पिळलेल्या दोरावरचं जे असतं ते शिरस्त्राणावरचं चिन्ह, तुरा म्हणा. चमच्याकाट्यांवर जागा कमी म्हणून पुष्कळदा फक्त तुराच कोरतात. एकच तुरा पाच-पन्नास घराणी वापरतात आणि कट्यारवाला हात तर भलताच लोकप्रिय. तुमचं नशीब की पूर्ण ढाल आहे.

त्या पुसट पट्टीची जागा मात्र मला महत्त्वाची वाटते. इंग्लंडात बोधवाक्याची पट्टी साधारणपणे ढालीच्या खाली असते. ते वाक्य चिन्हाच्या सनदेचा भागही नसतं, मालकाला वाटलं तर बदलतो. स्कॉटलंडात पट्टी तुऱ्याच्या वर असते आणि ती चिन्हाचाच भाग धरतात. तुमची वर आहे. चांदण्यांशी हे जुळतं. स्कॉटलंडात एडिंबरोला लॉर्ड लायन नावाचा अधिकारी आहे. त्याच्या कचेरीत 1672 पासून सगळ्या चिन्हांची सरकारी नोंदवही आहे. रेघा कळल्या की तिथं नेमका प्रश्न विचारता येईल. इंग्लंडातलं हेच काम लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सकडे असतं, 1484 पासून.

ते पलटणीचं असेल का, हेही तुम्ही फोटोमागे लिहिलंय. नाही. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे म्हणून कॅम्पातली प्रत्येक वस्तू लोक त्यांच्या नावावर घालतात. लाइट इन्फन्ट्रीचं चिन्ह बिगूल. मेसचं सामान वडिलांकडे यायचं त्यावर बिगूल असायचा, नाहीतर मेसचं नाव. घरगुती ढाल नसायची.

आता पुतण्या. लॉर्ड लायनच्या हद्दीत दुसऱ्याचं चिन्ह आपलं म्हणून मिरवणं हा आजही कायद्यानं गुन्हा आहे. आपल्या गेटपर्यंत त्यांचा शिपाई यायचा नाही, म्हणून भीती घालत नाही. पण त्या ढालीवर एका स्कॉटिश जोडप्याचं लग्न कोरलंय. ते आपल्या लग्नाच्या पत्रिकेवर छापायचं म्हणजे शेजाऱ्याच्या मुंडावळ्या बांधून बोहल्यावर चढायचं. आणि हल्ली आडनाव टाइप केलं की ‘तुमच्या घराण्याचं राजचिन्ह’ फ्रेम करून पाठवणारी दुकानं निघाली आहेत. अशा एका दुकानाची फ्रेम माझ्या जावयानं हौसेनं मागवली होती. दोन सिंह, मुकुट, मध्ये तलवारी. पुढच्या महिन्यात तीच फ्रेम, फक्त आडनाव वेगळं, मी वडगावात दुसऱ्याच्या दिवाणखान्यात बघितली. विलायतेतसुद्धा चिन्ह आडनावाला मिळत नाही, माणसाला मिळतं आणि त्याच्या वंशजांकडे जातं.

आपल्याकडे ढाल-तुऱ्याचा हा प्रकार नव्हताच. राजाचा शिक्का असायचा, पत्राच्या शेवटी मोर्तब व्हायची. शिवाजी महाराजांची ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ ही मुद्रा आठ कोनी, आणि मोर्तबीत ‘मर्यादेयं विराजते’. चित्र नाही, अक्षरं. संस्थानिकांना विलायती पद्धतीच्या ढाली मिळाल्या त्या 1877 च्या दिल्ली दरबारात. व्हाइसरॉय लॉर्ड लिटननं रेशमी निशाणं वाटली, आणि त्यांवरची चिन्हं रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालच्या सनदी नोकरानं तयार केली होती. म्हणजे आज राजवाड्यांच्या कमानीवर दिसणाऱ्या पुष्कळ ‘पुरातन’ ढालींचं वय दीडशेच्या आसपास.

पण तुम्ही पत्रात एक वाक्य जाता जाता लिहिलंय आणि मी ते चार वेळा वाचलं. ‘एका कागदाखाली तर पोरानं नांगर काढलाय.’

अहो, पोरानं नाही. जुन्या कागदांत पाटील सहीच्या जागी नांगर काढायचा. ‘निशाणी नांगर’ असं शेजारी लिहिलेलं असतं. कुलकर्ण्याची निशाणी लेखणी, शेट्याची, म्हणजे पेठेच्या प्रमुखाची, तागडी. तो कागद बाहेर काढा. नांगराच्या आजूबाजूला मोडीत काय आहे ते वाचून घ्या. तिथं पाटलाचं नाव असेल, बहुतेक गावाचं आणि सालही. कोल्हापूरच्या पुरालेखागारात मोडी वाचणारी माणसं भेटतात. बोचकं घेऊन जाताना प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, ओल धरते. जुन्या सुती धोतरात गुंडाळा, आणि घड्या तिथं गेल्यावरच उघडा. पुतण्याला गेटवर काही बसवायचंच असेल तर तो नांगर लोखंडी पट्टीत एका दुपारीत वळून होईल. डिझाइनचा खर्चही नाही.

तबकाला पुन्हा मुलामा करू नका. कुणी फुकट करून देतो म्हटलं तरी.

प्रश्न : सासूबाईंच्या साखळीत कडी डाखून लावलेलं चांदीचं नाणं आहे. एका बाजूला माणसाचं डोकं आणि 1881. दुसऱ्या बाजूला मुकुट, त्याखाली ढाल, ढालीत पाच लहान ढाली, भोवती किल्ले. सासूबाई म्हणतात की हे कित्तूरच्या राणीचं आहे आणि त्यांच्या पणजीला बक्षीस मिळालं. खरं असेल का? आमचं गाव जांबोटीजवळ.
— एक वाचक भगिनी, खानापूर तालुका

उत्तर : ताई, सासूबाईंना दुखवायचं नाही, पण राणी चेन्नम्मा लढल्या 1824 मध्ये आणि वारल्या 1829 मध्ये, बैलहोंगलला कैदेत. नाणं त्यानंतर बावन्न वर्षांनी पडलंय.

तुमचं गाव कुठल्या वाटेवर आहे ते बघा. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, की खाली गोवा. हा पोर्तुगीज गोव्याचा रुपया आहे. भिंगातून बघाल तर डोक्याभोवती ‘लुडोविकस’ दिसेल, म्हणजे राजा लुईश पहिला. पाच लहान ढाली आणि प्रत्येकीत पाच ठिपके, हे पोर्तुगालचं सगळ्यांत जुनं राजचिन्ह. 1139 मध्ये ओरिकच्या लढाईत त्यांच्या पहिल्या राजानं पाच मूर, म्हणजे तिकडच्या मुसलमान, राजांना हरवलं, त्याच या पाच ढाली, अशी तिकडची दंतकथा. भोवतीचे किल्ले मोजा, सात भरतील. वर मुकुट आहे, आणि पोर्तुगालात राजेशाही संपली 1910 मध्ये. त्यामुळे साल झिजलेलं असतं तरी नाणं त्याआधीचं हे मुकुटावरून कळलं असतं.

घाटाखालचं नाणं घाटावर कसं आलं, याला राणीच्या बक्षिसाची गरज नाही. इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात 1878 साली तह झाला आणि गोव्याचा रुपया आपल्या राणीछाप रुपयाच्या बरोबरीचा केला गेला. वजन तेच, एक तोळा, म्हणजे 11.66 ग्रॅम, चांदीचा कसही तोच. घाटावरून मिरची आणि तांदूळ खाली जायचा, मीठ आणि नारळ वर यायचे. पणजीनं बहुधा तांदूळ विकला असेल. माझ्या लेखी ते बक्षिसापेक्षा कमी नाही, पण सासूबाईंना कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी असतो तर त्यांना आधी किल्ले मोजायला लावले असते.

कडी काढू नका. डाख उपटताना राजाचं नाक जातं.

प्रश्न : आजोबांच्या पट्ट्याची पितळी चकती सापडली. दोन तोंडांचा गरुड, खाली कानडी अक्षरं आणि 14 हा आकडा. भाऊ इंटरनेटवर बघून म्हणतो की हा रशियाच्या झारचा गरुड. आजोबा मामलेदार कचेरीत होते, ते कधी रशियाला गेले नाहीत.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : झारला कानडी येत नव्हतं.

दोन तोंडांचे गरुड रशियात होते, ऑस्ट्रियातही होते, हे भावाचं खरं. पण तुमचा पक्षी गंडभेरुंड आहे, म्हैसूरच्या राज्याचं चिन्ह. तोच आज कर्नाटक सरकारच्या मुद्रेत आहे, दोन्ही बाजूंना सोंडवाले शरभ धरून. एस.टी. स्टँडच्या पाटीवर बघा, रोज त्याच्याखालून जाता. बेळगाव जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि कचेरीतले बिल्ले बदलले. त्याआधीचा बिल्ला असता तर त्यावर कानडी अक्षरं आणि हा पक्षी एकत्र सापडणं कठीण. राज्याचं नाव कर्नाटक झालं 1973 मध्ये. तेव्हा खालच्या अक्षरांत ‘मैसूरु’ आहे की ‘कर्नाटक’ ते कुणा कानडी शेजाऱ्याकडून वाचून घ्या, म्हणजे चकती त्या सतरा वर्षांतली की नंतरची ते लागलीच कळेल.

या चकतीला चपरास म्हणतात. ती लावतो तो चपराशी. पट्टा सापडला नसेल तर पेटीच्या तळाशी हात घाला, कातडं बहुतेक वाळून गुंडाळी झालेलं असेल. आणि 14 हा आकडा ठोकलेला आहे की कोरलेला, ते बोट फिरवून बघा. ठोकलेला असेल तर पाठीमागे फुगवटा लागेल. तेवढं कळवा.